पोटझाकण्याचं लुगडं

हंबीररावानं अंगणातल्या मातीत काठीनं लांब रेघ ओढली आणि तिच्या एका टोकाला खडा ठेवला. ही आपली वाडी. दुसऱ्या टोकाला दुसरा खडा, ते ढालगावचं ठेसन. मधे दहा कोसांची वाट, दोन कोरडे ओढे आणि नागजच्या अलीकडचा एक चढ. त्याला घाट म्हणावं तर घाट नाही, पण बैलांच्या तोंडाला फेस आणल्याशिवाय तो कुणाला सोडत नसे. पलटणीत नऊ वर्षं काढलेल्या माणसाला देवळात नारळ फोडायला जायचं असलं तरी नकाशा लागतो, असं वाडी त्याच्या माघारी म्हणायची. आज मात्र कुणी हसलं नाही. तो आखत होता ती वाट त्याच्या थोरल्या भावजयीला, अंबूबाईला, लेकीच्या लग्नाला न्यायची होती. अंबूबाई सोप्यात बाजेवर पडून मान वाकडी करून ती रेघ बघत होती.

तीन सालांमागं दुष्काळी कामावर खडी फोडताना दरड खाली आली आणि अंबूबाईचं कमरेखालचं अंग तिचं राहिलं नाही. पाय होते, पण शेजाऱ्याचे असावेत तसे. पाठीला पोत्याचा टेकू दिला तर घटकाभर बसायची. जीभ, डोळे आणि हात तेवढे शाबूत होते. हातांनी ती शेंगा फोडायची, वाकळा शिवायची आणि बनूची वेणी घालायची. बनू तिची एकुलती एक. पंधरावं सरत आलेलं. येत्या गुरुवारी माधवनगरला गिरणीत कामाला असलेल्या लालासाहेबाशी तिचं लग्न होतं, तेही मुलाच्या दारात, कारण त्यांच्याकडची रीत तशी होती.

अंबूबाईनं या तीन वर्षांत कुणाकडं काही मागितलं नव्हतं. आता एकच मागितलं होतं. पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना आई म्हणून तिथं असायचं. आणि धाकटा दीर, ज्याच्याशी घरची सून म्हणून ती कधी चार शब्द मोकळं बोलली नव्हती, तोच हे मनावर घेऊन बसला होता.

"वयनी, ऐका आता," हंबीरराव उकिडवा बसला. "मंगळवारी दिस उगवायला गाडी जुपायची. खाली कडबा, वर गादी. ऊन तापायच्या आत पैला ओढा. दुपार चिंचंखाली काढायची. दिस बुडायला नागज, तितं मुक्काम. बुदवारी सकाळी ठेसन. कसं?"

"आन रेल्वेत?" अंबूबाईनं विचारलं.

"रेल्वेच्या डब्याचं दार म्या मापून आलोय. दीड हात आन चार बोटं. बाज न्हाई जात. म्हनून हे." त्यानं भिंतीला टेकवलेले कळकाचे दोन दांडे दाखवले. मधे गोणपाट ताणून शिवलं होतं. "आफ्रिकेत असल्याच झोळीतनं जखमी नेल्यात. एक बी सांडला न्हाई."

"मेलं न्हाई का कोन?" उंबऱ्यावर बसलेली सासू, धोंडुबाई, म्हणाली.

"मेलं. पर सांडलं न्हाई."

अंगणाच्या कोपऱ्यात बादशहा पिंजारी कापूस पिंजत होता. धनुकलीच्या तारेचा आवाज सकाळपासून चालला होता. तो थांबवून त्यानं हाक दिली, "वयनी, जखम डाव्या अंगालाच हाय न्हवं? तितं गादीला खळगा ठेवतो. टेकायचीच न्हाई."

पाठीच्या खालच्या अंगाला अंबूबाईला पडून पडून वाटीएवढी जखम झाली होती. परपुरुषानं असं चारचौघांत विचारावं आणि आपण सांगावं, याची तिला आता लाज राहिली नव्हती. "डाव्याच," ती म्हणाली. "जरा वरती."

"आन वाटंत हिला भाईर जायला लागलं तर?" धोंडुबाईनं कुणाकडंही न बघता विचारलं. "गाडीत चार बापय असनार. रेल्वेत तर मुलूख असनार. मांडवात लोकं नवरीला बघत्याल का हिला? मी सांगतीया, हे खूळ हाय. जखम चिघळली तर कुनाच्या बापाचा दवाखाना हाय वाटंत?"

"आत्याबाई, मी पानी कमी केलंय," अंबूबाई म्हणाली. "परवापास्नं दोनच येळा पिते. सवय करतीया."

राहीबाई पुढं आली. हंबीररावाची बायको ही. आवाज असा की तो भाकरीला चोपडून खावा. "बाई, तुमी काय बी काळजी करू नगा. फडकी मी घेतीया, दोन डझन. आन नवरीची आई म्हनल्यावर यायलाच पायजे की. काल देवळाला फेरी मारलीच न्हवं झोळीतनं? कुठं वरडला तुमी?"

काल मारली होती फेरी. झोळी धरायला हंबीरराव, बादशहा आणि भावकीतले दोघं होते. मागं गावची पोरं लागली होती. हंबीरराव पुढं होता आणि त्यानं झोळी नेमकी वेशीजवळच्या दगडवणावरून नेली. एकेका हिसक्याला अंबूबाईच्या डोळ्यांपुढं पांढरं होत होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. खाली ठेवल्यावर हंबीररावानं वाकून विचारलं, "जमंल का वयनी?" आणि ती म्हणाली होती, "जमतंय." तेव्हा दिराचं तोंड का पडलं हे तिला कळलं नव्हतं. दमला असेल, असं तिनं धरलं.

या सगळ्यात तिचा नवरा, नाथाजी, कुठं होता म्हणाल तर गोठ्याच्या तोंडाशी, सोप्याकडं पाठ करून दावं वळत होता. तसं ते दावं सकाळीच वळून झालं होतं. त्यानं उलगडून पुन्हा वळायला घेतलं होतं.

तेवढ्यात कुत्रं भुंकलं आणि वेशीकडून एक धोतरवाला, डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री, घाम पुशीत येताना दिसला. हंबीररावानं पाहिलं मात्र, त्याच्या हातातली काठी थांबली.

"आकाराम मुकादम," तो पुटपुटला.

आकाराम म्हणजे ही सोयरीक जमवणारा मध्यस्थ. माधवनगरच्या गिरणीत मुकादम, मुलाच्या बापाच्या, दादासोंच्या, शेजारचा. या घरात तो पहिल्यांदाच येत होता. मुलगी बघण्याचा कार्यक्रम आटपाडीला राहीबाईच्या मावशीकडं झाला होता. पाहुण्यांना परतीची मोटार गाठायची घाई होती, म्हणून वाडीपर्यंत येणं झालं नाही, असं अंबूबाईला सांगितलं होतं. तिनं ते मान्य केलं होतं. बाजेवरच्या माणसाला पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात आणि त्या मान्य कराव्या लागतात.

"रामराम मुकादम! चला, मळ्याकडं जाऊ, झाडाखाली गार हाय," हंबीरराव लगबगीनं आडवा गेला.

"मळा ऱ्हाऊ द्या ओ पावनं. आटपाडीपास्नं पायी आलोय, मोटार कोळशावर चालती का देवावर कळंना. बसू द्या." आणि तो येऊन बसला तो नेमका अंबूबाईच्या बाजेच्या पायथ्याशी, सोप्याच्या कडेला. टोपी काढून त्यानं वारा घेतला. "निरोप एवडाच हाय. बोलतो आन सुटतो. कापाड कंट्रोलात गेल्यापास्नं माधवनगरात एक लुगडं मिळायचं म्हनजे नवस करावा लागतोय. गिरनीच्या गावात ही गत! नवरीचं शालू-बिलू झालं. आता पोटझाकन्याचं ऱ्हायलंय."

पोटझाकण्याचं लुगडं मुलाकडून मुलीच्या आईला येतं. नऊ महिने जी पोटात झाकली ती लेक परक्याच्या घरी गेली, आईचं पोट उघडं पडलं, ते झाकायला हे लुगडं. गरिबातला गरीब सोयरासुद्धा हे चुकवत नाही. गेले आठ दिवस अंबूबाई बाजेवर पडून त्या लुगड्याच्या काठाचा रंग मनातल्या मनात ठरवत होती.

"तर दादासो म्हनलं," आकाराम पुढं बोलला, "की नवरीची आई तर वारलेली. मग पोटझाकनं घ्यायचं का न्हाई? का पोरगी वाडवली त्या चुलतीला नेसवायचं? एकदा इचारून ये, मागनं रुसवाफुगवा नगं."

अंबूबाईला आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुठल्या लग्नाचं बोलतोय. मुकादम माणूस, चार ठिकाणच्या सोयरिकी डोक्यात, झाली असेल गल्लत. तिनं हंबीररावाकडं बघितलं. तो मातीतल्या खड्याकडं बघत होता. राहीबाई उगाचच पदर खांद्यावर घट्ट ओढत होती. गोठ्याच्या तोंडाशी नाथाजीची पाठ होती आणि ती पाठ हलली नाही. मग अंबूबाईनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. बनू पाहुण्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तांब्यातलं पाणी हिंदकळलं नाही. पोरगी दचकली नाही, यावरूनच आईला कळलं की पोरीला हे जुनं आहे.

दरड अंगावर आली तेव्हासुद्धा अंबूबाईला इतका अचंबा वाटला नव्हता.

"कोन वारलं?" धोंडुबाई उंबऱ्यावरून उठली. "कुनाची आई वारली रं?"

"म्हातारीला कमी ऐकू येतंय," हंबीरराव घाईनं म्हणाला.

आकारामची नजर आता बाजेवर गेली. वाकळेखालचे ते दोन काटकीसारखे पाय, डोक्याशी ठेवलेली फडकी. "आन ह्या कोन?"

धनुकलीचा आवाज थांबला. धोंडुबाईनं तोंड उघडलं होतं आणि ते उघडं तोंड काय बोलणार ते अंबूबाईला ठाऊक होतं. एक शब्द, आणि हा माणूस टोपी घालून उठेल. बनूची ही तिसरी सोयरीक. तिला विचार करायला एक श्वास मिळाला. त्या एका श्वासात तिनं स्वतःला मारलं.

"मी मावशी," ती म्हणाली. "नवरीच्या आईची धाकटी भन."

"अस्सं व्हय! तरीच तोंडवळा नवरीचा हाय," आकाराम मोकळा हसला. "हितंच असता?"

"भन गेल्यावर लेकराला बगायला आले. मग अंगावर दरड आली. नवऱ्यानं टाकलं. दाजींनी ठिवून घेतलं."

दाजी म्हणताना ती नाथाजीच्या पाठीकडं बघत होती. पाठ आता किंचित वाकली.

"माय मरो, पर मावशी जगो म्हनत्यात, ते काय खोटं न्हाई," आकारामनं खऱ्या कळवळ्यानं मान हलवली. माणूस वाईट नव्हता, हेच त्यातलं वाईट. "मग पावनं, मावशी असताना चुलतीला कसं? पोटझाकनं मावशीच्याच अंगावर पडाय पायजे. मी दादासोस्नी तसंच सांगतो."

ते लुगडं फिरून तिच्याकडंच आलं होतं. नुसतं गप्प बसलं असतं तरी अंगावर पडलं असतं. राहीबाईचा चेहरा एकदम उतरला. अंबूबाईनं तो बघितला, आणि त्या गोड आवाजामागं आठ दिवस काय शिजत होतं तेही तिला आता दिसलं.

"नगं," ती म्हणाली. "पडून असलेल्या बाईला कोरं लुगडं कशाला? हिनं वाडवलीया. हिलाच नेसवा." मग जरा आवाज चढवून, "दाजी, आवं पावन्यांस्नी गूळ-पानी द्या की. किती येळ बसल्यात."

नाथाजी उठला आणि गूळ आणायला आत गेला. बाजेजवळून जाताना त्यानं मान वर केली नाही.

आकाराम जेवला, पान खाल्लं आणि उन्हं कलायच्या आत आटपाडीच्या वाटेला लागला. तो वेशीबाहेर जाईपर्यंत धोंडुबाई दात-ओठ आवळून बसली होती. मग मात्र तिनं पायातलं काढून हंबीररावाच्या अंगावर फेकलं.

"मुडद्या! जित्त्या बाईला मारलीस? मला कमी ऐकू येतंय व्हय? सारं ऐकू आलं मला!"

"आई, जरा दमानं—"

"दमानं? मी चार दिस बोंबलतीया, हिला नेऊ नका, ते तिच्या जिवासाठी. जखम चिघळंल म्हनून. तुमी सगळी गोड बोलत हुता, आन तुमी हिचा दहावा जेवून मोकळं! आता मीच जाते माधवनगरला. सांगते दादासोला, नवरीची आई जित्ती हाय, चल बगायला."

गेली सोळा वर्षं ही सासू अंबूबाईशी एक शब्द सरळ बोलली नव्हती. आज घरात तिच्या बाजूनं उभी राहिली ती एकटी म्हातारीच. माणसं कुठल्या वेळेला कुठं उभी राहतील याचा नेम नसतो.

"आत्याबाई, न्हाई जायाचं," अंबूबाई म्हणाली. "हंबीरभावजी, तुमी बोला."

हंबीरराव खाली बसला. नकाशाची रेघ त्याच्याच पायानं पुसली गेली होती. "वयनी, दिघंचीचं पावनं आटवतंय का? पोरगी पसंत हुती. तुमाला बाजंवर बगितलं आन घरी जाऊन निरोप धाडला. आई अशी पडलेली, पोरगी म्हैन्यातनं पंदरा दिस म्हायेरी पळंल. करगणीच्यांनी तर भाईरच्या भाईर इचारून मोडलं. आटपाडीत दादासोनी इचारलं, नवरीची आई कुठाय? माज्या तोंडातनं गेलं, न्हाई. मग त्येनीच इचारलं, कवा वारली? म्या म्हनलं, झाली धा-अकरा वर्सं. एकदा बोलल्यावर मागं कसं घ्यायचं? म्हनलं लगीन लागल्यावर बगू."

"मग ही झोळी कशाला शिवलीसा? गादी, दाराचं माप, हे सगळं?"

त्यानं मातीतला खडा उचलून बाजूला टाकला. "तुमाला न्हाई म्हनायला तोंड न्हवतं. वाटलं, तयारी करताना तुमालाच कळंल, जमायचं न्हाई ते. काल दगडातनं मुद्दाम नेलं. वाटलं, वरडशीला आन म्हनशीला, नगं बाबा. तुमी म्हनला, जमतंय."

बादशहानं हे ऐकलं आणि हातातला कापूस खाली ठेवला. "हंबीरराव, झोळीचं मागलं टोक माज्या खांद्यावर हुतं," तो म्हणाला. "मला सांगायचं तरी." त्यानं धनुकली उचलली नाही.

अंबूबाईनं नवऱ्याला हाक मारली. नाथाजी आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"तुमाला ठावं हुतं?"

"सुपारी फुटल्यावर कळलं."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला. मोठा, हाडापेराचा माणूस, पण आवाज आडातून आल्यासारखा. "मलाबी कन्यादानाला बसता येनार न्हाई. बायकू मेलेला बापय कुठं बसतो? हंबीर आन राही बसनार. मी मांडवाच्या दारात उबा ऱ्हानार."

अंबूबाईला वाटलं होतं, आपण याच्यावर ओरडू. पण त्याचं तोंड बघून तिचा राग मधेच गळाला. राग यायलाही समोर माणूस जरा ताठ असावा लागतो. ती म्हणाली, "जावा. बनूला लावून द्या हिकडं."

बनू आली आणि नेहमीच्या सवयीनं बाजेकडं पाठ करून खाली बसली. अंबूबाईनं तिचे केस सोडले, बोटांनी विंचरले. दोघींचं सगळं बोलणं आजवर असंच झालं होतं, एकमेकींचं तोंड न बघता.

"तुला कवापास्नं ठावं हाय?"

"आटपाडीतच. सासूबाईंनी माज्या डोस्क्यावरनं हात फिरवला. आईबिगर पोर, म्हनल्या."

"आन तू?"

"मी काय बोलले न्हाई."

"का गं?"

बनूच्या खांद्यात एक हुंदका आला, पण तिनं तो बाहेर येऊ दिला नाही. ही सवय तिला आईचीच. "मला जायाचं हुतं, आई," ती म्हणाली. "मला हितनं जायाचं हुतं."

अंबूबाईचे हात थांबले. तीन वर्षं. बाराव्या वर्षापासून पोरीनं सकाळी उठून आधी आईची फडकी ओढ्यावर नेली होती. ओढा आटला की विहिरीवरून पाणी आणून गोठ्यामागं धुतली होती. बरोबरीच्या पोरी झिम्मा खेळत होत्या तेव्हा ही आईला कुशीवर वळवत होती. कधी कुरकुर केली नाही, म्हणून आईनं धरलं होतं की पोरीला त्याचं काही वाटत नाही. हीही एक बाजेवरच्या माणसाला सांगितलेली गोष्ट, आणि ही तर तिनं स्वतःच स्वतःला सांगितली होती.

अंबूबाईला खूप लागलं. इतकं की डाव्या अंगाची जखम त्यापुढं काही नव्हती. पण पोरीचं खोटं नव्हतं, आणि खरं बोललेल्या लेकराला मारता येत नाही. तिनं वेणीचे तीन पेड घातले आणि शेवटी दोरा घट्ट बांधला.

"मंगळवारी मी येनार," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मावशी म्हनून येनार."

"बाई, कशाला जिवाला तरास?" राहीबाईचा आवाज आला. "आता गुपित फुटलं तर—"

"तू गप," धोंडुबाई म्हणाली. "लुगडं मिळालंय न्हवं? मग गप."

हंबीरराव जवळ आला. "वयनी, राहीचं खोटं न्हाई. लग्नघर हाय. पोरगी एकदा जरी चुकून आई म्हनली, तर मांडवातनं वऱ्हाड उटंल. आन निरोप देताना पोरी रडत्यात, तवा तोंडात दुसरं काय येतंय?"

"रडताना समद्याच पोरी आई म्हनत्यात," अंबूबाई म्हणाली. "आई मेलेल्या बी. त्याला कोन हटकनार न्हाई. बाकी टायमाला ती चुकनार न्हाई. मी शिकवते."

मंगळवारी दिवस उगवायला गाडी निघाली. बादशहानं गादीला खळगा अगदी नेमका ठेवला होता. तिला गाडीत चढवताना झोळीचं मागलं टोक आजही त्याच्या खांद्यावर होतं, आणि पुढं कोण चाललंय यावर त्याची नजर होती. धोंडुबाई वाडीतच राहिली. आपलं तोंड आपल्या ताब्यात राहणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ती घरात गेली.

गाडीत अंबूबाईच्या उशाशी बनू बसली होती. पहिला ओढा ओलांडल्यावर अंबूबाई म्हणाली, "म्हन."

"काय?"

"म्हन, मावशे, पानी देऊ का?"

बनूनं मान फिरवली. माळावर मेंढरांचा एक कळप धुळीत चालला होता, त्याच्याकडं ती बघत राहिली. अंबूबाईनं चाकाचे दहा-वीस हिसके जाऊ दिले आणि पुन्हा म्हणाली, "म्हन."

"माव—" आणि पोरगी रडायला लागली. गाडीमागून चालणारा नाथाजी मागं पडला.

"रडून घे. वाट मोटी हाय. पर म्हन."

चिंचेखाली दुपार काढेपर्यंत तिला एकदा म्हणता आलं, तेही पुटपुटत. अंबूबाईनं ओ दिली नाही. "मोट्यानं. सासूला ऐकू जाईल असं." चढावर बैल घसरले, गाडी मागं आली, बापयांनी चाकांना धोंडे लावले. त्या गडबडीत बनूच्या तोंडातून "आई गं" निघालं. अंबूबाईनं तिच्या हाताला करकचून चिमटा काढला. आजवर तिनं पोरीवर हात उगारला नव्हता. चिमट्याची जागा लगेच तांबडी झाली आणि ती बघून अंबूबाईला स्वतःची शिसारी आली. तरी ती म्हणाली, "पुन्यांदा म्हन."

नागजला मुक्काम पडेपर्यंत बनू मावशे म्हणत होती. मावशे, पाय सरळ करू का. मावशे, भाकरी चुरून देऊ का. प्रत्येक वेळी अंबूबाई "हा, दे" म्हणत होती, आणि मनात म्हणत होती, जमतंय.

बुधवारी सकाळी ढालगावच्या ठेसनावर लिंबाच्या सावलीत झोळी खाली ठेवली. हंबीरराव तिकिटं काढायला गेला. राहीबाई फडक्यांचं गाठोडं उशाला लावून पाणी बघायला गेली. तिथंच एक जाडजूड बाई, कवठ्याला निघालेली, टोपली घेऊन बसली होती. तिनं झोळी न्याहाळली, मग हळदीनं हात पिवळे झालेल्या बनूला न्याहाळलं. तिला चैन पडेना.

"नवरी व्हय गं तू? कुठं दिली?"

"माधवनगरला," बनू म्हणाली.

"आन ही कोन तुजी? आई का?"

अंबूबाईनं डोळे मिटून घेतले. हंबीरराव लांब होता, नाथाजी, बादशहा आणि बाकीचे बैल सोडत होते, सांभाळून घ्यायला जवळ कुणीच नव्हतं. पोरगी आता बघेल माझ्याकडं, अडखळेल, रडेल, असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, त्या एका घटकेला तिला पोरगी अडखळायला हवी होती. सोयरीक गेली चुलीत.

"मावशी हाय," बनू चटकन म्हणाली. आवाज स्वच्छ होता, सासूला ऐकू जाईल असा. "आई गेली माजी. मी चार वर्सांची हुते. तापानं गेली, तीन दिसांत. मला तर तिचं तोंडसुद्दा आटवत न्हाई."

"अरारा, लेकरा," बाईनं तिच्या गालावरून हात फिरवला.

एवढं काही अंबूबाईनं तिला शिकवलं नव्हतं.